अंगठ्याचा सांधा : शस्त्रक्रियेपासून पहिल्या वेच्यापर्यंतच्या नोंदी

२६ मे २०२४, रविवार

उद्या रुग्णालयात दाखल व्हायचे आहे आणि परवा, मंगळवारी, उजव्या अंगठ्याच्या तळाच्या सांध्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. उजव्या हाताने लिहिलेली ही पुढच्या काही महिन्यांपुरती शेवटची नोंद असल्यामुळे दुखत असतानाही ती सविस्तर लिहीत आहे. वही शाळेतल्या पाठ-टाचणासारखी आखली आहे. डावीकडे तारीख आणि मोजमापे राहतील, उजवीकडे घडले ते.

दुखण्याला सहा वर्षे झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे खडू धरला आणि सुटीच्या दिवशी, व निवृत्तीनंतर दररोज, हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या पाच एकरांत कापूस वेचला. ही दोन्ही कामे चिमटीची आहेत. अंगठा मनगटाला जिथे मिळतो तिथला सांधा खोगिरासारखा असतो, म्हणजे दोन खोगिरे एकमेकांवर आडवी ठेवावीत तशी दोन हाडे एकमेकांत बसलेली असतात. त्यामुळेच अंगठा चहूकडे फिरतो आणि त्यामुळेच तो सांधा झिजतो. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये गणित करून दाखवले, की चिमटीच्या टोकाशी एक किलो जोर लावला तर या तळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलो दाब येतो. डॉक्टरांनी हा आकडा सांगितला, तेव्हा मी घरी येऊन मागच्या हंगामातला हिशेब काढला. शंभर बोंडांचा कापूस मी तेव्हा तोलला होता आणि तो ४३० ग्रॅम भरला होता. दिवसाला तीस किलो वेचणारी बाई म्हणजे सुमारे सात हजार बोंडे, आणि प्रत्येक बोंडाला निदान एक चिमटी. दोन हातांत वाटून घेतले तरी एका अंगठ्याच्या वाट्याला साडेतीन हजार येतात. आमच्या गावात चाळिशी ओलांडलेल्या किती बायका अंगठ्याचा तळ चोळत बसलेल्या दिसतात, याचे कारण मला त्या रात्री कागदावर दिसले. पाळी गेल्यानंतरच्या वयात ही झीज बायकांमध्ये अधिक आढळते, हेही डॉक्टरांनी सांगितले होते.

आधीचे उपाय करून झाले. पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या, सांध्यात दोनदा इंजेक्शन घेतले. पहिल्या इंजेक्शनने चार महिने आराम दिला, दुसऱ्याने जेमतेम पाच आठवडे. गडव्याचे झाकण, कुलपाची किल्ली आणि कपड्यांची पिळणी या तीन गोष्टी मागच्या दिवाळीपासून मी सोडून दिल्या होत्या. एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट दिसेनाशी झाली, तेव्हा शस्त्रक्रियेला होकार दिला.

उद्दिष्टे तीन लिहून ठेवते. पाण्याने भरलेला गडवा उजव्या हाताने उचलायचा आहे. ही वही पुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहायची आहे. आणि यंदाच्या पहिल्या वेच्याला शेतात उभे राहायचे आहे.

२९ मे, बुधवार

ही नोंद मी सांगते आहे आणि सूनबाई लिहून घेत आहेत. नवतपा सुरू आहे, पारा पंचेचाळीसच्या आसपास आहे, आणि वॉर्डात कूलर असूनही प्लास्टरच्या आत घाम येतो.

काल काखेजवळ इंजेक्शन देऊन केवळ हात बधिर केला होता, त्यामुळे मी जागी होते आणि आवाज ऐकत होते. मनगटाच्या आठ लहान हाडांपैकी अंगठ्याखालचे ट्रॅपेझियम नावाचे हाड पूर्ण काढून टाकले. मनगट वाकवणारी जी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाताच्या आतल्या बाजूने येते, तिची अर्धी पट्टी मोकळी करून अंगठ्याच्या हाडाला पाडलेल्या भोकातून ओवली आणि उरलेल्या भागाची गुंडाळी करून रिकाम्या जागेत बसवली. घागर डोक्यावर घेताना आपण लुगड्याची चुंबळ करतो, तशीच ही चुंबळ दोन हाडांमध्ये राहते. अंगठा जागचा हलू नये म्हणून बाहेरून एक तार घातली आहे. हे हाड काढण्याची शस्त्रक्रिया १९४९ मध्ये प्रथम वर्णिली गेली आणि कंडरेची ही पद्धत १९८६ पासून रूढ झाली. डॉक्टरांनी हेही प्रामाणिकपणे सांगितले, की नुसते हाड काढले तरी पुढे वेदना तेवढीच कमी होते असे तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसले आहे. तरी त्यांचा हात या पद्धतीवर बसला आहे आणि मला तो विचार पटला.

रात्री बधिरपणा उतरला तेव्हाचा ठणका मोठा होता. हात छातीच्या वर, दोन उशांवर ठेवला की तो निम्म्याने उतरतो, हे मी पहाटेपर्यंत चार वेळा पडताळून पाहिले.

२ जून, रविवार

घरी आले. चारही बोटे मोकळी आहेत आणि ती तासातासाला पूर्ण मिटून उघडायची आहेत. खांदा आणि कोपरही हलवायचे आहेत, नाहीतर अंगठा बरा होईपर्यंत खांदा धरतो.

११ जून, मंगळवार

टाके काढले आणि नवे प्लास्टर घातले. व्रण अंगठ्याच्या तळाशी आहे, त्याशिवाय कंडरा मोकळी करण्यासाठी मनगटाच्या वर दोन लहान छेद आहेत. अंगठ्याच्या पाठीवर रुपयाएवढा भाग बधिर आहे. तिथून जाणारी त्वचेची बारीक नस शस्त्रक्रियेत ताणली जाते आणि बहुतेकांना ही संवेदना हळूहळू परत येते, असे सांगितले.

१५ जून, शनिवार

काल रात्रीचा प्रसंग नोंदवणे आवश्यक आहे. नवे प्लास्टर पहिल्यापेक्षा घट्ट होते. मी ते घालतानाच सांगितले होते, परंतु ‘दोन दिवसांत सैल होईल’ असे उत्तर मिळाले आणि मी गप्प राहिले. गप्प राहायला नको होते. काल संध्याकाळी बोटे सुजली, नखे निळसर दिसू लागली आणि बोटांना मुंग्या आल्या. मुलाने रात्री दहाला मोटारसायकल काढून तालुक्याला नेले आणि तिथे प्लास्टर एका बाजूने लांब कापून सैल केले, तेव्हा अर्ध्या तासात रंग परतला. ज्या कोणा बाईच्या हाताला प्लास्टर असेल, तिने नख दाबून सोडून पाहावे. पांढरे झालेले नख लगेच गुलाबी व्हायला हवे. ते झाले नाही, किंवा हात उंच ठेवूनही ठणका वाढतच राहिला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

पाऊस झाला आहे. आज सरकी टोबण्याचे काम चालले होते आणि मी धुऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. टोबणाऱ्या बायकांचे हात मी पहिल्यांदाच इतके नीट पाहिले. बी चिमटीत धरण्यापूर्वी प्रत्येकीचा अंगठा क्षणभर लांब उघडतो.

२५ जून, मंगळवार

चार आठवडे पूर्ण झाले. तार काढली. त्या क्षणाची मला फार भीती वाटत होती, पण ते काम मिनिटाभराचे निघाले. प्लास्टर जाऊन स्प्लिंट आले, ते अंघोळ आणि व्यायाम सोडून सर्व वेळ घालायचे आहे. ते गरम पाण्यात मऊ करून हातावर घडवतात, म्हणून उन्हात पत्र्यावर ठेवायचे नाही, ते वाकते.

हात पाहून मला रडू आले, हे लपवत नाही. तळव्याचा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झाला होता, कातडी कोरडी होऊन सालपटे निघत होती, आणि अंगठा तर्जनीला चिकटल्यासारखा पडून होता. मी त्याला बाजूला जायला सांगत होते आणि तो जात नव्हता.

फिजिओथेरपिस्ट मुलगी पंचविशीची असेल, पण तिच्या बोलण्यात स्थिरता आहे. मी पहिल्याच दिवशी अंगठा तर्जनीला टेकवून दाखवू लागले, तेव्हा तिने माझा हात खाली ठेवला. ‘काकू, चिमटीची घाई करू नका. आधी कमान उघडू द्या.’ कमान म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला वळसा. चार आठवडे बांधून ठेवल्यावर तिथली कातडी आणि स्नायू आखडतात. कमान न उघडता जोर लावला, तर अंगठ्याचे मधले पेर मागे वाकून कसेबसे काम उरकते, आणि ती सवय एकदा लागली की नव्या सांध्यावर पुन्हा तिरका भार येतो. हे तिने माझ्याच डाव्या हातावर दाखवले. तिथेही मधले पेर मागे झुकायला लागले आहे, जे मला ठाऊक नव्हते.

मोजमापाच्या दोन पद्धती ठरवल्या. पहिली कापांजी या फ्रेंच शल्यचिकित्सकाची १९८६ ची आहे. तीत अंगठ्याचे टोक कुठवर पोहोचते यावर दहापैकी गुण मिळतात. तर्जनीच्या टोकाला तीन, मध्यमेला चार, अनामिकेला पाच, करंगळीच्या टोकाला सहा, मग करंगळीच्याच पेरांच्या रेघांवरून खाली उतरत गेल्यावर तळव्याच्या रेघेला दहा. दुसरे मोजमाप माझे स्वतःचे आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकाने, तळवा टेबलावर आडवा ठेवून, अंगठा तळव्यापासून किती अंशांनी उचलला जातो ते मोजायचे. आज गुण तीन, कोन २२ अंश. डाव्या हाताचा कोन ४८ आहे.

२ जुलै, मंगळवार

दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे. कोमट पाण्यात हात बुडवून मग अंगठा तळव्यापासून वर उचलणे, इंग्रजी सी अक्षरासारखी कमान धरून पाच आकडे मोजणे, अंगठ्याचे शेवटचे पेर एकटे वाकवणे. व्रणावर खोबरेल तेल लावून बोटाने गोल चोळते, म्हणजे कातडी खालच्या कंडरेला चिकटत नाही. बधिर भागासाठी निरनिराळे पोत वापरायचे आहेत. पहिल्या आठवड्यात घरच्याच कापसाचा पेळू, मग सुती लुगडे, मग घोंगडी, शेवटी गोणपाट. आज कापूस सहन होतो, लुगडे झोंबते. तांदळाच्या परातीत हात खुपसून बोटे चाळवली की बरे वाटते. तुरीच्या डाळीने अजून कळ येते.

अवघड वाटले ते वेगळेच. घरातली कामे म्हणजेच व्यायाम, अशी माझी समजूत होती आणि तिसऱ्या दिवशी मी शेंगा सोलायला बसले. संध्याकाळी मनगट सुजले. सोलणे ही चिमटी आहे आणि कमानीला तिचा उपयोग नाही.

९ जुलै, मंगळवार

सहा आठवडे. गुण पाच, कोन ३० अंश. स्प्लिंट आता घरात बसल्या वेळी काढायचे, झोपताना आणि गर्दीत घालायचे. एसटीने अर्ध्या तिकिटात एकटी गेले आणि आले, मात्र बसच्या दांडीला डाव्या हातानेच धरले.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. देवळात टाळ धरता आले नाहीत. टाळाची दोरी अंगठ्यावरच असते.

२३ जुलै, मंगळवार

या आठवड्यातला शोध मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून वेळ घेऊन सांगते. सूनबाई माहेरी गेल्या होत्या आणि मी भाकर करायला बसले. पोळी लाटताना लाटणे दोन्ही अंगठ्यांच्या तळाशी दाबले जाते, कणीक तिंबताना तर सगळा भार तिथेच येतो, म्हणून त्या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. भाकरीचे पीठ डाव्या हाताने मऊ मळून घेतले. थापताना लक्षात आले की तळवा पूर्ण उघडा राहतो, अंगठा आपोआप बाजूला पसरतो आणि पीठ मऊ असल्यामुळे विरोधही हलकाच असतो. भाकर परातीत फिरते, तशी कमानही प्रत्येक थापेला थोडी उघडते. तीन भाकरी थापल्या. ठणका नाही, सूज नाही. फिजिओथेरपिस्टला फोनवर विचारले, तेव्हा तिने होकार दिला, मात्र भाकर तव्यावर टाकण्यासाठी उचलायची ती डाव्या हाताने. आज कोन ३४ अंश भरला. दोन आठवड्यांत चार अंशांची वाढ झाली.

३० जुलै, मंगळवार

चूक नोंदवते. रविवारी पाहुणे आले होते, लोणच्याच्या बरणीचे झाकण अडले आणि सवयीने उजव्या हाताने पिळले. चिमटी आणि पीळ एकाच वेळी आले, आणि तळाशी चटका बसला. काल दिवसभर हात उशीवर होता. आज डॉक्टरांनी एक्स-रे काढला. अंगठ्याचे हाड किंचित खाली सरकलेले दिसते, पण तेवढे सरकणे अपेक्षितच होते. चुंबळ जागेवर आहे. दहा दिवस पुन्हा स्प्लिंट. गुण सहावरून पाचावर आले. मला या गोष्टीचे फार वाईट वाटले, कारण ती टाळता आली असती. घरातल्या सर्व बरण्यांची झाकणे आता सैल लावली जातील आणि जवळ रबरी फडके राहील, असे ठरले.

२० ऑगस्ट, मंगळवार

बारा आठवडे. ही नोंद मी स्वतः लिहीत आहे. पेनाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ते करंगळीएवढे जाड केले आहे, त्यामुळे चिमटी मोठी राहते आणि जोर कमी लागतो. अक्षर मोठे आणि तिरके येते. पाच ओळींनंतर थांबावे लागते, म्हणून ही नोंद तीन बैठकांत लिहिली.

गुण सात, कोन ३८. दाब मोजण्याच्या यंत्रावर उजवी चिमटी १.५ किलो, डावी ४.५ किलो. शस्त्रक्रियेपूर्वी उजवी २.५ होती, म्हणजे जोर आजही तेव्हापेक्षा कमीच आहे, आणि हे सगळ्यांच्या बाबतीत असेच असते. जोर परतायला सहा महिने ते वर्ष लागते. फरक असा, की तेव्हाचे अडीच किलो दुखून येत असत आणि आजचे दीड किलो न दुखता येते. आजपासून बळकटीचे व्यायाम सुरू झाले. मऊ कणकेचा गोळा सर्व बोटांनी दाबणे, आणि तर्जनी अंगठ्याच्या दिशेने बाजूला नेऊन रबरबँड ताणणे. दुसरा व्यायाम मला प्रथम निरर्थक वाटला होता. तर्जनीच्या बाजूचा स्नायू अंगठ्याच्या हाडालाही धरून असतो आणि तो बळकट झाला की तळाचा सांधा जागेवर राहतो, हे समजल्यावर मी तो चुकवत नाही.

गडवा उचलला. अर्धा भरलेला, पण उजव्या हाताने.

३ सप्टेंबर, मंगळवार

तान्हा पोळा. नातवाच्या लाकडी बैलाला झूल बांधायची होती. दोऱ्याची गाठ मारायला चार मिनिटे लागली आणि तो शांतपणे बैल धरून उभा राहिला. गाठ मारताना मधले पेर मागे वाकत नाही ना, याकडेच माझे लक्ष होते. वाकले नाही.

काल पोळ्याच्या तोरणाखाली आमच्याकडे निंदणाला येणारी एक बाई भेटली. ‘मॅडम, हात कसा हाय आता? यंदा वेचाले येता का मंग?’ मी येते म्हणाले. मग तिने आपला अंगठा पुढे केला. तळाशी तेच उचललेले हाड, तोच चौकोनी उंचवटा. ‘मले बी असंच दुखते, पण मले तं वेचाच लागते.’ तिला मी शस्त्रक्रियेबद्दल काही सुचवले नाही. तीन महिने मजुरी सोडणे तिला परवडणार नाही, हे मला कळते. तिच्या विळ्याच्या मुठीला मात्र आज ट्यूब गुंडाळून दिली, आणि रात्री झोपताना बांधायचा पट्टा तालुक्याला कुठे मिळतो ते लिहून दिले. पट्ट्याने झीज भरून येत नाही, पण रात्रीचा ठणका उतरतो.

२० ऑक्टोबर, रविवार

सीतादही करून वेचा सुरू केला. दहीभाताचा नैवेद्य पऱ्हाटीला दाखवला आणि पहिले बोंड मी वेचले.

पद्धत बदलली आहे. पूर्वी मी अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी कापूस ओढत असे. आता चार बोटे बोंडामागून घालून कापूस तळव्याकडे ओढते आणि अंगठा वरून नुसता टेकवते. वेग निम्म्याहून कमी आहे, आणि नखांत काडीकचरा अधिक येतो. कमरेची ओटी भरली की तिचा भार मनगटाला लागतो, म्हणून ती अर्धी असतानाच रिकामी करते. सकाळी सात ते साडेआठ वेचून थांबले. तोलले तेव्हा २ किलो १०० ग्रॅम भरला. माझ्या ओळीच्या शेजारी ती पोळ्याला भेटलेली बाई होती. तिने माझी पद्धत पाहून दोन बोंडे तशीच वेचली, मग ‘लय वेळ लागते’ म्हणून आपल्या रीतीवर गेली. किलोवर मजुरी असताना तिचे म्हणणे बरोबरच आहे.

संध्याकाळी थोडी सूज होती, सकाळी नव्हती.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सव्वीस आठवडे. गुण नऊ, कोन ४४ अंश, चिमटी २.८ किलो. प्रथमच आकडा शस्त्रक्रियेपूर्वीच्या पुढे गेला. बधिर भाग आता करंगळीच्या नखाएवढा उरला आहे आणि गोणपाट सहन होते. थंडीत पहाटे तळाशी जडपणा असतो, कोमट पाण्यात हात धरला की जातो. पोळी लाटते. ओले कपडे अजून पिळत नाही, दांडीवर टाकून निथळू देते. दुसऱ्या वेच्यात आठ दिवसांत मिळून १९ किलो कापूस वेचला.

डाव्या अंगठ्याचाही एक्स-रे काढला. तिथे फट शिल्लक आहे. आजपासून डाव्या हाताच्या कमानीचे व्यायाम सुरू केले आणि वहीत त्याच्यासाठी वेगळा रकाना आखला. कोन ४७ अंश, जून महिन्यापेक्षा एकाने कमी. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे.